मैदानावरचा खोडवा

दिवाळीच्या डब्यात चकल्या संपून नुसता चुरा उरला, की आमच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. ट्रॅक्टरवर गाणं मोठ्यानं लावलेलं, मागे दोन ट्रॉल्या डुलत निघालेल्या, आणि वळणावर एखादा ऊस हमखास घरंगळून पडलेला. तो उचलायला मी अजून पायऱ्या उतरते. गुडघे नको म्हणतात, दात तर केव्हाच रजेवर गेलेत, खरं रस्त्यात पडलेला ऊस मला बघवत नाही. (आमच्याकडं ‘पण’ म्हणायचं असलं की ‘खरं’ म्हणतात. त्यामुळं कोल्हापूरची माणसं फार खरं बोलतात, असा बाहेरच्यांचा उगीच समज होतो.)

‘‘चावता येत नाही तर आणतेस कशाला, आज्जी?’’ नात विचारते.

तिला काय सांगू? या हातांनी एकदा चांगला फुटलेला ऊस मुळासकट उपटलाय. तेही भरल्या गावासमोर, आदल्याच दिवशी ‘राहू दे’ म्हटल्यावर.

तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्याच्या पुढं सरकलं होतं आणि मी एकेचाळीस वर्षांची होते. त्या बाईची आठवण झाली की मला हसू येतं, थोडी लाजही वाटते. नाकात चमकी, गळ्यात ठुशी, आणि डोक्यावरचा पदर ढळू नये म्हणून मान अशी ताठ, की शेजारणीशी बोलायचं तर अख्खी वळायची. पेठेत मालकांचं धान्याचं दुकान, गावाबाहेर थोडं रान, म्हणून आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी तिची खात्री. मॅट्रिक होऊन लग्न झालेलं, त्यामुळं गल्लीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायची, आणि मजकूरही आपणच ठरवायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. आज ती दारात आली तर मी तिला बसायला पाट देईन, चहा देईन, खरं बोलू देणार नाही.

गाव आमचं ना धड खेडं ना धड शहर. बिद्रीच्या बाजूला जाणारा रस्ता मधून गेलेला, आठवड्याचा बाजार, एक हायस्कूल आणि हायस्कूलच्या मागं माळ. माळावर घाणेरीची झुडपं, दगड, आणि आम्हा बायकांच्या शेणी. शेणी थापायला त्या माळाइतकी चांगली जागा पंचक्रोशीत नव्हती. वारा मोकळा, ऊन दिवसभर. प्रत्येकीची जागा ठरलेली. माझी जागा मधोमध होती, हे वेगळं सांगायला नको.

त्या माळाचं मैदान करायचं खूळ काढलं कांबळे मॅडमनी.

मॅडम चंदगडच्या शाळेतून बदलून आलेल्या, मुलींच्या खेळाच्या शिक्षिका. उंच, सावळ्या, आणि मंगळसूत्राच्या शेजारी कायम एक शिट्टी. त्या पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या माझ्या लेकीसाठी, सुवर्णासाठी. सुवर्णा नववीत होती. ती चालत कुठं जायचीच नाही. दळण आणायला धावत, देवळात धावत, धावत आल्याबद्दल बोलणी खाऊन परत धावत. मॅडमनी तिला खो-खोच्या संघात घेतलं होतं.

‘‘पोरीच्या पायात वारं हाय, अक्का,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘दिवाळीनंतर तालुक्याचे सामने हायत. तिला पाठवा.’’

मी त्यांना चहा दिला. ओसरीवर, वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून. मॅडम बौद्ध होत्या, हे गावात त्यांच्या ट्रंकेच्या आधी पोचलं होतं. आमच्या घरात रोज सकाळी लिंगपूजेनंतर ‘सगळी माणसं सारखीच’ म्हणणारी वचनं म्हटली जायची. म्हणून झाली की मी ती देव्हाऱ्यातच ठेवून बाहेर यायचे. मला वाटलं, पेल्याचं कुणाच्या ध्यानात येणार नाही. मॅडमनी चहा घेतला, उठून मोरीवर पेला विसळला आणि ओसरीच्या कट्ट्यावर पालथा घातला. सगळं ध्यानात आलं होतं. माझ्याच काय ते ध्यानात आलं नाही, की आपलं काही दिसलंय.

मग मी माझा निकाल सांगितला. ‘‘खेळायला परगावी पोर पाठवायची रीत आमच्यात न्हाय. सामने आपल्या गावात झाले तर खेळंल की.’’

हे मी फार हुशारीनं बोलले होते. आमच्या गावात एस.टी. स्टँडावर पत्र्याची शेड घालायचं कैक वर्षं चाललं होतं. मैदान कुठलं होतंय! दार तर उघडं ठेवलं आणि कडीही लावली, असा माझा हिशेब. सुवर्णा दाराआड उभी होती. तिनं हळूच विचारलं, ‘‘अव्वा, गावात झाले तर नक्की?’’

‘‘नक्की,’’ मी म्हटलं. खात्री असलेल्या माणसाचा शब्द किती सैल सुटतो!

मॅडमनी ते ‘नक्की’ उचललं आणि थेट तात्यांकडं गेल्या. तात्या म्हणजे एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर. सगळे घाट पाठ, आणि आता हाताला स्टिअरिंग नाही म्हणून घरात सुनांना हॉर्न वाजवत बसलेले. त्यांना काम मिळालं. पुढच्याच रविवारी चावडीच्या भोंग्यावरून त्यांचा आवाज आला : ‘‘गावकऱ्यांनो, हायस्कूलच्या मागं श्रमदान हाय. ज्याच्या घरात खोरं हाय त्यानं खोरं आणा, ज्याच्या घरात न्हाय त्यानं पाठ घिऊन या. गाडी सुटायची येळ सात!’’

आणि गाडी सुटली की हो.

त्या भाद्रपदाचा वास अजून माझ्या नाकात आहे. तोडलेल्या घाणेरीचा उग्र वास, ओल्या मुरमाचा, आणि त्यात कुणीतरी तीन दगडांवर ठेवलेल्या चहाचा. पोरी बुट्ट्यांनी दगड वाहायच्या. बुट्टी डोक्यावर आणि तोंडानं गाणी. दुकानात बसणारे आमचे मालक, ज्यांनी घरात कधी पाटा हलवला नाही, ते पहारीनं धोंडे हलवू लागले. संध्याकाळी कमरेला शेक घ्यायचे आणि वर विचारायचे, ‘‘उद्याबी हाय न्हवं?’’ माझ्या शेणी कुणीतरी अदबीनं उचलून कुंपणाशी रचून ठेवल्या. भांडायलाही जागा ठेवली नाही.

माळाचा मुरूम टणक. अनवाणी खेळणाऱ्या पोरींचे गुडघे त्यावर सोलून निघणार, म्हणून वर मऊ माती पसरायची ठरली. माती कोण देणार? बैठकीत सगळे एकमेकांच्या टोप्या बघत बसले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, ‘‘आमच्या रानातली न्या.’’ आवाज माझा होता.

गाव धन्य झालं. भोंग्यावर नाव पुकारलं, हार घातला, पहिल्या ट्रॉलीपुढं नारळ माझ्या हातानं फोडला. ती बाई त्या दिवशी इतकी ताठ चालत होती, की तिला स्वतःची पावलं दिसत नसतील. आता एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही : आमच्या रानाच्या एका अंगाला उंचवटा होता, त्याच्यावर पाटाचं पाणी काही केल्या चढत नव्हतं. तो कुणीतरी फुकट उचलून न्यावा म्हणून मी दोन वर्षं झुरत होते. गावाला वाटलं अक्का दानशूर. मालकांना ठाऊक होतं. ते नारळाचा तुकडा चघळत माझ्याकडं बघून नुसते हसले.

मात्र एक गोष्ट माझ्यासारख्या सर्वज्ञ बाईच्याही लक्षात आली नाही. त्या उंचवट्यावर तोवर पावसावर कसाबसा तगलेला खोडवा होता. उसाची लावण करायची, पहिला ऊस तुटून गेला की जमिनीत राहिलेल्या बुडख्यांना पुन्हा कोंब फुटतात, न लावता दुसरं पीक येतं, त्याला खोडवा म्हणतात. आम्ही तो मोडून नांगर घातला होता, खरं बुडखे वेचले नव्हते. बुडखे मातीत, माती ट्रॉलीत, ट्रॉली माळावर. माती पसरली, टँकरनं पाणी मारलं, दगडी रूळ फिरवला. नवरात्रात ते मैदान असं दिसत होतं, की पोळपाटावर पोळी लाटून ठेवली आहे. सामने आमच्याच गावात घ्यायचं पत्रही आलं. सुवर्णा पत्र बघायला हायस्कुलात धावत गेली आणि धावत आली. या खेपेला मी बोलले नाही. ‘नक्की’ म्हटलं होतं ना!

दसरा झाला आणि एके सकाळी तात्या दारात.

‘‘अक्का, तुमचा ऊस आलाय.’’

‘‘कुटं?’’

‘‘मैदानावर.’’

मला वाटलं म्हाताऱ्याची गाडी घाटात भरकटलीय. जाऊन बघितलं तर खरोखरच, सबंध मैदानाला ऊस फुटला होता. इथं एक बेट, तिथं एक बेट, वीतभर हिरव्या पात्या सकाळच्या उन्हात लखलख करत होत्या. खो-खोचे दोन खांब रोवले होते, त्यांच्या मधे तर सगळ्यात जोरदार.

दुसऱ्या कुठल्या गावात असं झालं असतं तर माणसं हसली असती, नाहीतर चिडली असती. आमची माणसं खाली वाकली. पानं चिमटीत धरून बघू लागली.

‘‘फुटवा काय सुटलाय बघा!’’

‘‘मातीच तशी हाय. अक्कांचं रान ते.’’

‘‘आत्ता जरा युरिया टाकला न्हवं, तर बघत राहशील.’’

मॅडम शिट्टी मुठीत घट्ट धरून हे सगळं ऐकत होत्या. ‘‘अहो, सामने हायत!’’ त्या म्हणाल्या. ‘‘उपटा की हे!’’

सगळ्यांच्या चिमटीतली पानं सुटली. मॅडमनी जणू पाळण्यातलं मूल उचलून टाका म्हटलं होतं. ट्रॅक्टरवाल्यानं हात जोडले. ‘‘मॅडम, उगवल्या उसावर चाक घालायला सांगू नका. माझा बा मला जेवायला वाढायचा न्हाय.’’ कोल्हापूरचा माणूस काय वाटेल ते करील, आलेला ऊस मोडणार नाही. पायवाटेत उगवला तर पायवाट वळवील. तिथंच जमिनीवर बैठक बसली. तात्यांनी तोड काढली : माती अक्कांची, म्हणजे ऊस अक्कांचा. अक्का म्हणतील तसं.

सगळं गाव माझ्याकडं बघू लागलं. गावाच्या बैठकीत बाईला विचारून निर्णय घ्यायची ती पहिली वेळ, आणि ती माझ्या वाट्याला आलेली. मी पदर सावरला, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘आलेलं पीक मोडू नये. राहू दे.’’

माना डोलल्या. सामने दुसऱ्या गावाला द्यायचे ठरले. दुसऱ्या गावाला म्हणजे सुवर्णा खेळणार नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते कळत होतं, आणि तरी त्या डोलणाऱ्या माना त्या क्षणी मला अधिक गोड लागल्या. हे लिहिताना आजही पेन थोडं अडतं.

सुवर्णा रडली-बिडली नाही. घरी येऊन तिनं खेळाचे कपडे घडी घालून ट्रंकेत ठेवले. दुपारी भाकरी खाताना एवढंच विचारलं, ‘‘अव्वा, ऊस किती महिन्यांचा असतोय?’’

‘‘बारा म्हण, चौदा म्हण.’’

‘‘म्हंजे तुटायला येईल तवा माझं धावीचं वर्ष असणार. अभ्यास. आणि मग?’’

‘‘मग काय?’’

‘‘तुझं मॅट्रिक झाल्यावर काय झालतं?’’

मी भाकरी उलटली. ती तव्यावर होती का नव्हती, ते आठवत नाही. माझं मॅट्रिक झाल्यावर काय झालं होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. वैशाखात निकाल लागायच्या आधी मांडव लागला होता. निकाल मला सासरी टपालानं कळला. पास झालेय हे कळल्यावर मी कुणाला सांगावं, असा प्रश्न पडला होता. शेवटी गाईला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पुन्हा दारात. मला वाटलं विनवण्या करतील, मग मी कसं उत्तर द्यायचं ते तयार ठेवलं. त्या म्हणाल्या, ‘‘अक्का, तुमचा शब्द मोडायचा न्हाय. खरं मला एक शिकायचंय. मी चंदगडकडनं आलेली, तिकडं सगळा भात. उसाचं मला कळत न्हाय. एक कोंब उपटून बघितला तर वरच्या वर तुटला. हे उपटायचं कसं असतंय?’’

‘‘उपटलासा कशाला?’’

‘‘चुकलं. खरं कसं उपटायचं असतंय?’’

आता माझी एक खोड सांगते. कुणी एखादं काम चुकीचं करतंय असं कळलं, की मला बसवत नाही. देवळात दुसऱ्या बाईनं वात वाकडी लावली, तर मी देवाला थांबवून वात सरळ करणार. मी खुरपं घेतलं आणि निघाले. वाटेत त्यांना समजावत होते, की कोंबाला धरायचंच नसतं, बुडखा मोकळा करायचा असतो, भाताकडच्या माणसाला हे कुठलं समजणार.

मैदानात एका बेटाशी बसले. ‘‘हे बघा. असं बाजूनं खणायचं. असं हालवायचं. आणि असा.’’ बुडखा मुळांसकट हातात आला.

‘‘परत दाखवा की,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मी डाव्या बाजूला होते, नीट दिसलं न्हाय.’’

मी परत दाखवलं. मग त्यांनी एक केला, तो चुकला. मी ओरडले, दुसरा दाखवला. मग त्यांच्या संघातल्या पोरी आल्या, त्यांनाही दाखवावं लागलं. एवढ्यात गल्लीतल्या बायका आल्या. ‘‘अक्का, असं न्हाय, उलट्या हातानं,’’ म्हणत एक बसली. ‘‘तुला काय कळतंय!’’ म्हणत दुसरी. जिची तिची रीत बरोबर, आणि जी ती दुसरीला करून दाखवणार. ऊन वर आलं. माझ्या तांब्यातलं पाणी मॅडम वरून ओतून प्यायला लागल्या तेव्हा मीच खेकसले, ‘‘तोंड लावून प्या की, निम्मं मातीत सांडतंय!’’ बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. मॅडमनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि तोंड लावून प्यायल्या. मग मीही प्याले. तहान लागली होती.

पुरुष कडेला उभे राहून बघत होते, जणू कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय. तात्या पुढं आले. ‘‘अक्का, काल तर राहू दे म्हणालासा!’’

‘‘व्हय.’’

‘‘मग हे काय चाललंय?’’

‘‘ह्यास्नी उपटायचं कळंना. शिकवायला नको?’’

मी मान वर करून बघितलं. दोन खांबांच्या मधली सगळी जागा मोकळी झाली होती. आणि पलीकडं, पाठमोरी, सुवर्णा खुरपं न घेता दोन्ही हातांनी माती उकरत होती. तिला मी दाखवलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. मग मी पुढचं बेट धरलं. त्यानंतर मी कुणालाही शिकवलं नाही, नुसती उपटत राहिले.

त्या मैदानाचा नखरा आता काय सांगावा! दोन हजारचं साल उलटलं तशी कंपाउंडची भिंत आली, मग दिव्यांचे खांब आले, मग सकाळी बूट घालून गोल गोल फिरणाऱ्या सुना आल्या. मीही काठी घेऊन एक फेरी मारते आणि तीन मारल्या म्हणून सांगते. कधी पावसाळ्यानंतर भिंतीच्या कोपऱ्यात अजून एखादा उसाचा कोंब डोकं काढतो. माळी तो काढत नाही. कुणाच्या परवानगीची वाट बघत असेल, कुणास ठाऊक.

मॅडम रिटायर झाल्या तेव्हा सत्काराला त्यांची आई आली होती, थकलेली, काठीवर वाकलेली. मी शेजारी बसले आणि आपलं विचारलं, चंदगडला पाऊस कसा आहे? म्हातारी म्हणाली, ‘‘चंदगडचं मला काय म्हाईत, बाई? आमी बिद्रीकडचं. जलम उसात गेला, लोकांच्या. ही पोर पाचवीत असल्यापासून माझ्यासंगट बुडखं काढायला यायची. हात काय चालायचा तिचा!’’

मी मॅडमकडं बघितलं. त्या हार सावरत होत्या, आणि मुद्दाम दुसरीकडं बघत होत्या. एवढी वर्षं! मी शिकवलं म्हणून एवढी वर्षं मिरवत होते, आणि त्यांनी एकदाही चूक दुरुस्त केली नाही. मग मला इतकं हसू आलं, की स्टेजवरच्या पाहुण्यांना वाटलं त्यांचा विनोद पोचला.

त्या वर्षीचे सामने शेवटी आमच्याच मैदानावर झाले ते दिवाळीनंतर, साखर कारखान्याच्या धुरांड्यातून पहिला धूर निघाला त्याच आठवड्यात. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषा, कडेनं टरपालावर बसलेलं सगळं गाव, आणि शेंगा. मी पहिल्या रांगेत. खो-खो मी तेव्हा पहिल्यांदा धड बघत होते. आठ पोरी ओळीनं उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. सुवर्णाचं तोंड पलीकडं. तिच्या अगदी शेजारून समोरच्या संघाची पोर पळत गेली, आणि माझ्या पोरीनं हातसुद्धा हलवला नाही.

‘‘आगं ऊठ की!’’ मी किंचाळले. ‘‘कानाजवळनं गेली, धर की तिला!’’

सगळं मैदान हसलं. तात्या मागून म्हणाले, ‘‘अक्का, मागनं पाठीवर थाप पडून कुणी खो म्हटल्याबिगर उठायचं नसतंय. नियम हाय.’’

‘‘मग तोवर काय करायचं?’’

‘‘बसायचं. खरं उठायच्या तयारीत बसायचं.’’

थोड्या वेळानं तिच्या पाठीवर हात पडला, आणि माझी पोर सुटली. मी तिला जन्मभर धावताना बघत आले होते, तरी हे धावणं बघितलं नव्हतं. घरात ती कुणाच्या तरी कामाला धावायची. इथं तिच्या धावण्याला दुसरं काहीच काम नव्हतं. तिनं तिघींना बाद केलं. चौथीला धरायला झेपावली ती मातीवर पोटानं घसरत गेली, आणि उठली तेव्हा अंगभर आमच्या रानातली माती होती.

आमचा संघ एका गुणानं हरला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, थोड्या वेळानं शेंगा खाऊ लागल्या. मी टरपाल झाडत होते तेव्हा मॅडम आल्या, हातात एक कागद. सुवर्णाला तालुक्याच्या संघात घेतलं होतं. पुढचे सामने कोल्हापुरात, राजारामपुरीजवळ, तीन दिवस, मुक्काम करायचा. मालक शेजारीच उभे होते, सही नेहमी त्यांचीच. मॅडमनी कागद त्यांच्यापुढं नाही, माझ्यापुढं धरला.

‘‘पालकांची सही लागते,’’ म्हणाल्या. सुवर्णा दहा पावलांवर उभी. गुडघ्याची माती झाडत नव्हती, की माझ्याकडं यायलाही धजत नव्हती.

परगावी. तीन दिवस. मी तोंड उघडलं, आणि त्यात आमच्या रीतीचं जे वाक्य तयार होतं ते कुठंतरी अडकून बसलं.

‘‘कागद कशावर ठेवू?’’ मी विचारलं. ‘‘इथं टेबल न्हाय का काय न्हाय.’’

मॅडम वळल्या आणि माझ्यापुढं पाठ करून थोड्या वाकल्या. मी त्यांच्या पाठीवर कागद पसरला, डाव्या हाताचा पंजा त्यावर दाबून धरला आणि पत्रांतल्या माझ्या सगळ्यात वळणदार अक्षरात नाव लिहू लागले. त्यांची पाठ घामानं ओली होती, श्वासानं वरखाली होत होती. कागद हलत होता.

‘‘अक्का, टोचतंय की!’’

‘‘हालू नका. माझं नाव लांबलचक हाय.’’